शाळेतलं वय

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या चाळी होत्या. तिथे एखादीचं नवऱ्याशी फाटलं, की शेजारणी तिला वनमालाकडे पाठवायच्या. वनमाला काही वकील नव्हती. सही करताना 'व' काढून झाला की ती जरा थांबून श्वास घ्यायची, एवढंच तिचं शिक्षण. पण नवऱ्यानं दुसरी आणली तर आधी कुठल्या कचेरीची पायरी चढायची, मॅजिस्ट्रेट काय काय विचारतो, पोटगीचा अर्ज कोण नीट लिहून देतो, पोर कोणाकडे राहतं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. कारखान्यात बाटल्या धुऊन धुऊन पांढरी पडलेली बोटं एकेक करून मिटत ती सांगायची.

"आधी डोळे पूस बघू. कोर्टात रडण्याला काही किंमत नाही. तिथं रोज बाया रडतात, त्यांना सवय आहे. कागद काय काय आहेत तुझ्याकडे, ते सांग."

बाईला वाटायचं, काय ही कोरडी! पण वनमालाला हे कोणी फुकट शिकवलेलं नव्हतं.

ती मूळची मालवणकडची. सन पन्नासमध्ये दशरथशी लग्न होऊन मुंबईत आली. दशरथ मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होता. तो माणूस वाईट नव्हता, असं वनमाला सगळं होऊन गेल्यावरसुद्धा म्हणायची. म्हणजे दारू नाही, मारझोड नाही, पगार घरात. फक्त त्याला मुलगा हवा होता आणि धीर नव्हता. लग्नानंतर तीन वर्षांनी, आषाढात, माहेरी तिला मुलगी झाली. मालन. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं वाया गेलं आणि डॉक्टरनं सांगितलं, बाई, आता पुन्हा नाही. त्या वर्षी दशरथ गणपतीला गावी गेला तो आठ दिवस जास्त राहिला, आणि परत आला तेव्हा तिच्याकडे न बघता जेवला. तिला तेव्हाच कळलं.

परळला त्यांच्या गावकीची एक खोली होती. गावातले गिरणीत काम करणारे पुरुष तिथे मिळून राहायचे, आणि गावचे तंटेही तिथेच मिटायचे. दिवाळी झाल्यावर तिथे पंच बसले. मुख्य पंच धाकूदादा, सत्तरीचा, गळ्यात माळ. त्यांच्यात नवराबायकोला मोकळं व्हायचं तर काडीमोड व्हायची. सुक्या गवताची एक काडी, एक टोक त्याच्या हातात, एक हिच्या. पंचांनी विचारायचं, दोघांनी हो म्हणायचं, आणि काडी मोडायची. पाच वर्षांचा संसार मोडताना काडीचा आवाजसुद्धा आला नाही, एवढंच वनमालाच्या ध्यानात राहिलं.

"आणि माझी मालन?" तिनं विचारलं.

धाकूदादा म्हणाला, "गो वनमाले, खुळी की काय तू? चेडू आवशीकडेच रवतलां. बापाशीन महिन्याक पंधरा रुपये देवचे. काय रे दशरथा?"

"देईन," दशरथ म्हणाला.

"चार माणसांत बोललंस हां."

चार माणसांत बोललेलं तीन महिने टिकलं. मग दशरथानं शेवंतीशी लग्न केलं, मुलुंडला खोली घेतली, आणि पंधरा रुपये यायचे थांबले. वनमाला धाकूदादाकडे गेली तर तो म्हणाला, बघतो. म्हातारा बघतच राहिला.

तर वनमाला विक्रोळीच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागली. मालनला शेजारच्या म्हातारीकडे ठेवायची. बरं चाललं होतं. पण सत्तावन्नच्या मे महिन्यात म्हातारीला तिचा मुलगा गावी घेऊन गेला, आणि मालनला सांभाळायचं कोणी, हा प्रश्न आला. दोन दिवस तिनं पोरीला कारखान्यात नेलं. मुकादम म्हणाला, "बाई, इथं काचा असतात. उद्या आणलीस तर तूपण येऊ नको."

राहिली शाळा. पण शाळेत पाच वर्षं पुरी लागायची, आणि मालनला चारसुद्धा पुरी व्हायची होती.

आता यात कोणाला काही वाटत नसे. चाळीतल्या निम्म्या पोरांना दोन वयं होती, एक घरातलं आणि एक शाळेतलं. शाळेतलं वय म्हणजे शाळेत घालून जायच्या कपड्यांसारखं, तिथे गेल्यावर घालायचं. खोटं बोललो असं कोणाच्या मनातही यायचं नाही. मालन तर बापावर गेलेली, उफाड्याची, हातपाय लांब. शंका यायचं कारणच नव्हतं. फक्त एक परीक्षा होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. हात पोचला तर पोर शाळेच्या वयाचं.

मालनचा हात बोटभर कमी पडायचा. मग रोज सकाळी कामावर जाण्याआधी चुलीपुढे सराव.

"मान थोडी वाकडी कर. एवढी नको गं, मान मोडल्यासारखी दिसतेस. जराशी. हां, आता बोटं ताण."

"आई, दुखतंय."

"दुखू दे. शाळेत पाटी मिळेल, बाई गाणी शिकवतील. आणि कोणी विचारलं, किती वर्षांची? तर काय सांगायचं?"

"चार."

"चार सांगितलंस की पाटी नाही. पाच पुरी झाली म्हणायचं."

"पाच पुली झाली."

"पुली नाही, पुरी."

जूनमध्ये दोघी शाळेत गेल्या. नावं लिहायला शरच्चंद्र मास्तर बसले होते. कोट घातलेला, घामाघूम झालेला, भला माणूस. मालननं न सांगताच डोक्यावरून हात नेला, मान जराशीच वाकडी केली आणि कान पकडला. मास्तर हसले.

"जन्मतारीख?"

"आषाढात झाली. भाताची लावणी चालली होती."

"लावणीचा रकाना नाही इथं," मास्तर म्हणाले. "एक जून लिहितो. साल कुठलं? त्रेपन्न लिहिलं तर पुढल्या वर्षी आणा. बावन्न लिहिलं तर आज पाटी घेऊन बसवा."

"बावन्नच लिहा," वनमाला म्हणाली, आणि 'व'वर थांबून सही केली.

पोरगी शाळेत रमली. वनमालाला जरा उसंत मिळाली तशी कारखान्यातल्या एकीनं तिला सांगितलं, अगं पोरीचे पंधरा रुपये सोडतेस कशाला? मॅजिस्ट्रेटकडे अर्ज कर. मधुकर पै नावाचे वकील होते, बायकांकडून फारसं काही घ्यायचे नाहीत. त्यांनी अर्ज लिहिला. मॅजिस्ट्रेटनं दशरथला बोलावलं आणि हुकूम दिला, दरमहा पंधरा रुपये द्या, नाही दिले तर पगारातून कापू. त्या दिवशी वनमालानं चाळभर केळी वाटली.

दशरथ दुसऱ्या रविवारी आला. दारातच उभा राहिला.

"कोर्टात खेचलंस मला. कारखान्यात शोभा झाली माझी."

"पंचांसमोर कबूल केलेलंच मागितलं. जास्त एक पैसा नाही."

"पंधरा रुपये देऊन पोरगी तुझ्याकडे कशाला ठेवू? माझी पोरगी मी घेऊन जातो. खर्च संपला."

"घेऊन जातोस? इतकी वर्षं कडेवर तरी घेतलीस का तिला?"

तो तसाच निघून गेला. पण चाळीला बातमी होती. शेवंतीला मुलगा झाला होता, सहा महिन्यांचा. शेवंती परत दिवसांत होती. तान्ह्याला कडेवर घेऊन फिरायला, झोळीला झोका द्यायला घरात कोणी हवं होतं. फुकटची, घरची, न बोलणारी. वनमाला शेजारणीला म्हणाली, "बापाला मुलगी नको होती. भावाला दाई हवी आहे."

सप्टेंबरात फोर्टातल्या मोठ्या कोर्टातून नोटीस आली. ती घेऊन ती पै वकिलांकडे धावली. वकिलांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि हसले.

"घाबरू नका. गेल्याच वर्षी नवा कायदा झालाय. बाप मुलाचा पालक खरा, पण पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहावं असं त्यात लिहिलंय. मुलगी किती वर्षांची?"

"चार पुरी झाली आषाढात."

"मग झालं! एकदा कोर्टानं तुमच्याकडे ठेवली आणि ती रुळली, की पुढे कोण काढून घेतो? घरी जाऊन स्वस्थ झोपा."

ती खरंच स्वस्थ झोपली. शाळेतल्या वयाचं वकिलांना सांगायला हवं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. वकिलांनी विचारलं वय, तिनं खरं वय सांगितलं. शाळेतलं कशाला सांगायचं? ते शाळेतलं होतं.

पहिल्याच तारखेला दशरथच्या वकिलानं शाळेचा दाखला पुढे केला. मालन दशरथ, जन्म एक जून बावन्न. पाच वर्षं चार महिने. खाली आईची सही.

पै वकिलांनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. त्यांचा चेहरा एका मिनिटात म्हातारा झाला होता.

"बाई, हे काय?"

"ते शाळेतलं आहे, साहेब."

"शाळेतलं म्हणजे?"

तिनं सांगितलं. वकील खांबाला टेकले. ते गिरगावातल्या चांगल्या घरातले. त्यांच्याकडे माणसाला एकच वय असायचं.

"जन्माची नोंद? गावी पोलीस पाटलाकडे असेल ना?"

वनमालानं भावाला, धोंडूला, पत्र घातलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नोंद नाही. मालन झाली तेव्हा पावसानं खाडी फुगली होती, होड्या बंद होत्या, पलीकडे पाटलाकडे जायला कोणी धजला नाही. पुढे पाऊस उघडला तेव्हा लावणी उरकायची होती. मुलगा असता तर कदाचित कोणी पोहत गेलं असतं, हे धोंडूनं लिहिलं नव्हतं, पण वनमालानं ते वाचलं. सुईण जिवंत होती. तिला विचारलं तर म्हणाली, लावणीच्या दिवसांत झाली, सोन्यासारखी पोर. कुठल्या सालच्या लावणीत? ते देवाला ठाऊक. सुईणीच्या हिशेबी लावण्या सगळ्या सारख्याच.

राहिले शरच्चंद्र मास्तर. एका संध्याकाळी ते आपणहून खोलीवर आले. चहाचा कप हातात तसाच धरून बसले.

"वनमालाबाई, समन्स आलंय मला."

"खरं ते सांगा मास्तर. तुम्हीच म्हणालात, बावन्न लिहिलं तर आज बसवा."

"म्हणालो. पण मी कोर्टात तसं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आणि नुसती तुमच्या मालनची तारीख खोटी ठरणार नाही. माझ्या वर्गात चव्वेचाळीस मुलं आहेत. एकतीस जणांचा वाढदिवस एक जूनला आहे."

"मग एक जूनला पेढे वाटता की नाही?"

मास्तरांना हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. त्यांना स्वतःला पाच मुलं. त्यातली तीन एक जूनचीच होती. पोटापुढे माणूस किती वाकतो हे वनमालाला कळत होतं, ती स्वतः त्याच पोटापायी इथवर आली होती. म्हणून ती त्यांना वाईट बोलली नाही. पण चहा मात्र पुन्हा विचारला नाही.

मास्तर कोर्टात म्हणाले, "पालक सांगतात ते आम्ही लिहितो." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मग वनमालाला पिंजऱ्यात उभं केलं. दशरथचा वकील आवाज न चढवता विचारायचा, तेच वाईट.

"ही सही तुमची?"

"हो."

"सही करताना शुद्धीत होता?"

"मग काय झोपेत करतात सही?"

"म्हणजे मुलगी पाच वर्षांची, असं तुम्ही सरकारी शाळेत लिहून दिलंत."

"शाळेत घ्यावी म्हणून. ती खरी चारची आहे."

"तेव्हा गरज होती म्हणून पाचची. आज गरज आहे म्हणून चारची. बाई, तुम्ही खोटं तेव्हा बोललात, की आज बोलता आहात?"

"तेव्हा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं, की ती खोटं बोलली होती. आणि हेही कळलं, की खोटं कबूल केलेल्या बाईचं खरं कोणी धरत नाही.

जज्जसाहेब मात्र सज्जन होते. ते म्हणाले, कागद राहू द्या, मुलीला बोलवा. मालनला त्यांनी टेबलाजवळ घेतलं. वरचे पंखे तेवढे कुरकुरत होते.

"नाव काय बाळ तुझं?"

"मालन."

"शाळेत जातेस?"

"जाते. पाटी आहे माझ्याकडे."

"छान. आणि किती वर्षांची गं तू?"

वनमालानं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. घरून निघताना तिनं पोरीला सांगितलं होतं, चार म्हणायचं. पण इथे समोर कोट घातलेला माणूस, पुढ्यात मोठं टेबल, टेबलावर जाड वही. शाळेतल्यासारखंच सगळं. पोरीनं आईकडे एकदा पाहिलं, मान जराशीच वाकडी केली, डोक्यावरून हात नेला आणि कान पकडला. आता हात सहज पोचत होता.

"पाच पुरी झाली," ती म्हणाली. 'पुरी' अगदी स्वच्छ म्हणाली. आणि शाबासकीसाठी पुन्हा आईकडे पाहिलं.

वनमाला तिच्याकडे बघून हसली. दुसरं काय करणार होती? पोरीनं शिकवलेलं बरोबर केलं होतं.

डिसेंबरात निकाल लागला. इंग्रजीत होता. पै वकिलांनी मराठीत सांगितला, आणि सांगताना दोनदा पाणी प्यायले. मुलगी पाच वर्षांवरची आहे. बाप कायद्यानं पालक आहे, कायम नोकरीत आहे, घरी त्याची बायको आहे. आई दिवसभर कामावर असते, मुलगी एकटी पडते, आणि आईनं सरकारी कागदावर खोटं लिहून दिल्याचं स्वतःच कबूल केलं आहे. तेव्हा मुलगी बापाकडे. आईनं महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा ते बारा भेटावं.

"आणि पंधरा रुपये?" वनमालानं विचारलं. पैशासाठी नव्हे. काहीतरी विचारायचं म्हणून.

"ते आता लागू नाहीत."

"म्हणजे माझी दिवसभराची नोकरी नडली. ती नोकरी कशापायी धरली हे कोणी विचारलं का?"

"ते आपण अपिलात…" वकील म्हणाले आणि कागद बांधायला लागले.

मालनला न्यायला दशरथ एकटाच आला. पोरगी फ्रॉक घालून, वेणी घालून, पाटी छातीशी धरून बसली होती. तिला वाटत होतं, बाबांकडे चार दिवस राहायला जायचंय. जाताना तिनं विचारलं, "तिकडं शाळा आहे?"

"आहे ना," दशरथ म्हणाला, आणि जिना उतरायला लागला. वनमाला वरून बघत राहिली. त्याला लेकराचा हात धरायची सवय नव्हती. मनगटाला धरून नेत होता, बाजारात पिशवी धरतात तसा.

पहिल्या रविवारी वनमाला सकाळी आठलाच मुलुंडला पोचली आणि दहा वाजेपर्यंत नाक्यावर उभी राहिली. आधी गेलं आणि त्याचाही काही कागद झाला तर? एका सहीनं एवढं झालं, तेव्हापासून ती घड्याळालासुद्धा घाबरायची.

मालन पायरीवर होती. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ, तिच्या अर्ध्या वजनाचा. त्याला सावरताना पोरगी एका बाजूला कलली होती. आईला पाहून ती धावली नाही. धावता येतच नव्हतं. "आई!" म्हणाली, आणि बाळ घसरलं तसं त्याला गुडघ्यानं वर उचललं.

"शाळा?" वनमालानं विचारलं.

"बाबा म्हणाले, बाळ मोठं झाल्यावर."

आतून शेवंती बाहेर आली. वीस-एकवीस वर्षांची, पोट पुढे आलेलं, पायांना सूज, डोळ्यांखाली काळं. वनमाला तिच्याशी भांडायचं ठरवून आली होती. काय काय बोलायचं ते सगळं तिनं कारखान्यात बाटल्यांना ऐकवून झालं होतं. पण त्या पोरीकडे बघून तिचं अवसान गळालं.

"बसा," शेवंती म्हणाली. आत बोलवायची तिला मुभा नसावी. "तिला मी मारत नाही हो बाई. देवाशपथ."

"मारत नाहीस ते दिसतंय," वनमाला म्हणाली. "दमवतेस."

शेवंती आत गेली.

वनमाला पायरीवर बसली. पिशवीत तिनं चुरमुऱ्याचे लाडू आणले होते. मालननं एका हातानं लाडू खाल्ला, दुसरा हात बाळाला. समोरच्या मोकळ्या जागेत चाळीतल्या मुली ठिकरीनं खेळत होत्या. जमिनीवर खडूनं घरं आखलेली. मालन लाडू चावत होती आणि डोळे तिकडे होते. आईशी बोलत होती, हो म्हणत होती, नाही म्हणत होती, आणि डोळे तिकडेच.

"खेळायला घेत नाहीत तुला?"

"घेतात. पण बाळ असतं ना."

दोन तास कोर्टानं दिले होते. महिनाभर वनमालानं ते मनात पुरवून पुरवून वाटून ठेवले होते. अर्धा तास केस विंचरायचे, अर्धा तास मांडीवर घ्यायचं, एक गाणं, राहिलेला वेळ नुसतं बघायचं. तिनं हात पुढे केले.

"आण इकडे त्याला."

"तुझ्याकडे?"

"हो. माझ्याकडे. जा खेळ जा."

मालन क्षणभर घुटमळली. मग बाळ आईच्या मांडीवर ठेवलं आणि तीरासारखी गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पहिल्या घरात ठिकरी टाकली, एका पायावर उड्या मारत गेली, पडली, उठली, भांडली, पुन्हा टाकली.

बाळ रडायला लागलं. वनमालानं त्याला खांद्यावर घेतलं आणि थोपटायला लागली. दशरथचंच जावळ होतं, दशरथचंच नाक. बारा वाजेपर्यंत ती त्याला थोपटत राहिली.